सात नंबर पळतो आणि बाबा बसलेत

...आणि वर लोक मलाच विचारतात, घाम का फुटलाय? तुम्हाला सांगतो, घाम फुटणार नाही तर काय होणार? मी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो, चौदा वर्षं झाली. आमच्या मॅडम झाडाच्या सालीतून एक पिवळी पूड काढतात, मेंदूला झटका आलेल्या उंदरांना देतात आणि मेंदू किती वाचतो ते बघतात. आता झटका माझ्याच बाबांना आला. तीन आठवडे डावा हात मांडीवर पडून आहे. आणि सात नंबरचा उंदीर, त्याच आठवड्यात झटका आलेला बरं का, दांडीवरून पळतो. सात नंबर पळतो आणि आमचे बाबा बसलेत... कसं सहन करायचं माणसाने?

आमच्याकडे उंदराच्या पंजाला चिकटपट्टी लावतात, ती किती सेकंदांत काढतो ते मोजतात. मी रोज सकाळी बाबांच्या उजव्या हाताला पट्टी लावायला लागलो, म्हणजे डाव्याने काढावी लागेल. हातात घड्याळ, शेजारी वही. आई म्हणते, "अरे, बाप आहे तो तुझा!" मी म्हटलं, "आई, सात नंबरला नऊ सेकंद लागतात." बाबा नुसते बघतात. हेडमास्तर होते हो, ती नजर अजून तशीच आहे.

शेवटी मी चिमूटभर पूड उचलली. पुडी खिशात, दोन दिवस द्यावी की नको. देऊन काही झालं तर? न देऊन हात गेला तर? तिसऱ्या दिवशी मॅडमसमोर पुडी टेबलावर ठेवली. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, याने रक्त पातळ होतं. वडिलांना आधीच रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मेंदूत रक्तस्राव झाला असता." मी खुर्चीत बसलोच. म्हटलं, पण मॅडम, सात नंबर पळतो... त्यांनी वही उघडली. "सात नंबर? त्याला पूड दिलीच नाही, तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी दिलंय. तो आपोआप सुधारला."

आपोआप! आणि मी चोर झालो.

घरी आलो, सवयीने पट्टी लावली, घड्याळ चालू केलं. डावा अंगठा हलला. मग बोट. माझ्या डोळ्यांना धार. आई देवघरातून धावत आली. बाबांनी पट्टी सोलली, थरथरत हात वर नेला आणि माझ्या तोंडावर चिकटवली.

किती सेकंद लागले विचारू नका. घड्याळ बंद करायचं राहिलं, आणि ओरडून सांगावं तर तोंडावर पट्टी.