न्यासाच्या मॅडमशी भांडलेली बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय आण्णासाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, उद्यापासून माझी जागा घेणाऱ्या शिवांजलीताई, आणि ईट, सोनारी, तुळजापूरहून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या बहिणी-भावांनो,

माझं आत्ता इतकं कौतुक झालं, की ही गुणी बाई कोण, असा मलाच प्रश्न पडला. आमचा न्यास पुण्याचा. तो पैसे देतो आणि तुमची संस्था गावोगाव पाळणाघरं चालवते. दोघांच्या मधे मी. धाराशिवात खोली घेऊन राहिले, निवृत्तही इथूनच होते आहे. माझं नाव सत्यभामा. आज ते मागच्या बॅनरवर पाहून बरं वाटलं, कारण इथं मला कुणी नावानं हाक मारलीच नाही. मी कायम मॅडम.

तुम्ही मला काय कमी केलंत? गाडीतून उतरले की फेटा, नारळ, हलगी. जेवायला मला एकटीला आधी बसवायचं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून विचारायचं, "मॅडम, कसं झालंय?" आमटी खारट असली तरी मी छान म्हणायचे. पाळणाघर कसं चाललंय, असं मी विचारलं की तुम्हीही छान म्हणायचात. अशी गोडीगुलाबीत वर्षं गेली. संध्याकाळी खोलीवर आले की वाटायचं, दिवसभर इतकी माणसं भेटली, पण माझ्याशी कुणी बोललंच नाही.

अपवाद एकच. ईटच्या चांगुणाबाई, रोजानं रानात जाणाऱ्या. भर बैठकीत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं पाळणाघर धा वाजता उघडतंय. आमी सात वाजता रानात जातो. तवर लेकरं काय बाभळीला बांधायची व्हय?" आण्णासाहेबांचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. दहाची वेळ आमच्याच न्यासानं ठरवलेली. मी म्हटलं, इतक्या सकाळी सांभाळायला कोण येणार? "मग तुमीच या की!" आम्ही दोघी चांगल्या कडकडून भांडलो. पाळणाघर सातला उघडायला लागलं. त्या बैठकीहून परत येताना मी गाडीत गाणं गुणगुणत होते. इथं आपलं एक माणूस झालं, असं मला वाटलं.

पुढच्या बैठकीला त्या नव्हत्या. "लेकीकडं गेल्यात," असं कळलं. त्याच्या पुढच्या वेळीही लेकीकडंच. मीही भोळी, एकदा त्या लेकीसाठी साडी पाठवली. काल निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा समजलं की चांगुणाबाईंना लेकच नाही. बैठकीला येऊ नका, असं त्यांना सांगितलं होतं. मॅडम नाराज झाल्या आणि निधी थांबला तर काय घ्या?

आण्णासाहेब, खाली बघू नका. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. इतक्या जणींचे पगार एका बाईच्या मर्जीवर असतील, तर विषाची परीक्षा कोण घेईल? मला तुमच्यावर रागवायचं होतं. पण मी रागावले की तुम्ही हात जोडणार, आणि मी पुन्हा एकटीच बोलत राहणार.

चांगुणाबाईंनी चहा केला. मला आपलं वाटत होतं, त्यांनाही माझी आठवण येत असेल. त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी कोण येनार हाय? तिला माज्याकडं धाडा. पाळणाघरात प्यायला पानी न्हाय, तिला सांगायचंय." मी म्हटलं, मला सांगा ना. "तुमी तर चालला की," म्हणाल्या, आणि कामावर जायला उठल्या. त्यांचं बरोबरच होतं. तरी मला फार लागलं, हे लपवत नाही.

शिवांजलीताई, त्यांचं घर शाळेच्या मागं आहे. आणि आण्णासाहेब, पुढच्या बैठकीला चांगुणाबाईंना बोलवा. ही विनंती आहे. माझी आजवरची प्रत्येक विनंती तुम्हाला हुकमासारखी पाळावी लागली. उद्यापासून माझ्या हातात काही नाही, तेव्हा आज तुम्ही मला खुशाल नाही म्हणू शकता.

या शालीबद्दल आणि इतक्या वर्षांच्या पाहुणचाराबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. पण कृपा करून पोटात घालू नका, तोंडावर येऊन सांगा. सगळ्यांचा चहा होईपर्यंत मी खाली पहिल्या रांगेत बसते आहे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे.