हॅटीचे सात सेंटिमीटर

(इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका गावातली प्राथमिक शाळा. मुलं घरी गेली आहेत. हॉलमध्ये तिघं: आरोग्य खात्याच्या नर्स मॉरीन, सुतारकाम करणारा कॉलिन आणि शाळेची देखभाल करणारे म्हातारे स्टॅन.)

कॉलिन : आवाज चढवू नका म्हणता, सिस्टर, पण पत्र तुम्ही पाठवलंत. ‘आपल्या मुलीचं वजन वयाच्या आणि उंचीच्या मानाने जास्त आहे.’ अकरा वर्षांची पोर माझी. ते पत्र पहिल्यांदा तिनेच वाचलं.

मॉरीन : पत्र पालकांच्या नावाने असतं, मिस्टर एन्टविसल.

कॉलिन : दारातून पाकीट आत पडलं की जो घरात पहिला येतो तो उचलतो. आमच्याकडे हॅटी येते. नऊ दिवस झाले. डब्यातलं चीज सँडविच कुत्र्याच्या पोटात जातंय. शुक्रवारी फिश अँड चिप्स आणले, तर माशाचं आवरण सोलून बाजूला ठेवलं आणि चिप्सना हात नाही. परवा पळताना चक्कर येऊन पडली.

मॉरीन : ऐकून वाईट वाटतं, खरंच. पण हे मी नाही ठरवत, तक्ता ठरवतो. वय, वजन आणि उंची घातली की...

कॉलिन : तिथेच घोडं पेंड खातंय. उंची. तुम्ही लिहिलीय एकशे एकोणचाळीस. मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर खूण केली. चार फूट साडेनऊ इंच. तोंडपाठ आहे मला.

मॉरीन : फुटाचे सेंटिमीटर करताना पुष्कळांचं चुकतं.

कॉलिन : मी सुतार आहे हो. दिवसभर मिलिमीटरात काम करतो. पोरीची उंची तेवढी फुटात मोजतो, कारण माझ्या बापाने माझी फुटात मोजली. चार फूट साडेनऊ म्हणजे एकशे सेहेचाळीस. सहा महिन्यांत पोर सात सेंटिमीटर आटली? गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आहे का ती?

मॉरीन : घरी मोजताना पायात बूट असतील.

कॉलिन : हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमची टेप कुठाय?

स्टॅन : ती काय, समोरच्या भिंतीवर. मीच लावलीय. या नर्सबाईंची मुलांची उंची मोजायची काठी त्या दिवशी मोडली, मग म्हणाल्या, स्टॅन, भिंतीला काहीतरी चिकटव.

कॉलिन : स्टॅनकाका, जरा खाली वाका. शून्य कुठंय?

स्टॅन : खालीच की. पट्टीच्या वर... थांब जरा.

कॉलिन : कुठल्या पट्टीच्या?

स्टॅन : स्कर्टिंगच्या रे. भिंतीच्या तळाशी ठोकलेलं हे लाकूड पुढं येतं ना, त्याच्यावरून टेप घेतली की फुगा धरते. म्हटलं, लाकडाच्या वरून सुरू करू, सरळ बसेल. बसलीय की नाही सरळ, तूच सांग.

कॉलिन : ओळंब्यात बसलीय. आता ही माझी टेप धरा. जमिनीपासून शून्यापर्यंत किती?

स्टॅन : सत्तर मिलिमीटर. अरे देवा.

मॉरीन : मी वरचा आकडा वाचत होते. पायांकडे बघितलं ते बूट काढलेत का एवढंच. मनात आलंही होतं, यंदाचा वर्ग जरा बुटका दिसतोय.

कॉलिन : मनात आलं, आणि पत्रं गेली. किती गेली?

मॉरीन : बावन्न मुलं मोजली. एकवीस पत्रं.

स्टॅन : चूक माझी आहे, कॉलिन. बाईंना नको बोलू.

कॉलिन : काका, तुम्हाला टेप चिकटवायला सांगितली होती, पोरं मोजायला नाही.

मॉरीन : मी आजच ऑफिसला कळवते. सगळ्यांना परत मोजू. हॅटीचं तर आत्ताच बघते... हं. तक्त्यात बसते. अगदी व्यवस्थित बसते. म्हणजे तुमचा प्रश्न मिटला, नवीन पत्र मी...

कॉलिन : आणि एल्सीचं काय?

मॉरीन : एल्सी कोण?

कॉलिन : आमच्या शेजारची, हॅटीची मैत्रीण. तिलाही आलंय पत्र. तिचे सात सेंटिमीटर परत दिलेत तरी ती तुमच्या तक्त्यात बसायची नाही. तिची आजी रुंद, आई रुंद, ती रुंद. हॅटीला लिहाल, माफ कर, तू बरी आहेस. एल्सीला काय लिहाल? तू मात्र खरीच जाड?

मॉरीन : मग मोजूच नको का? तीस वर्षं करतेय मी हे. दहाव्या वर्षी जिना चढताना धापा टाकणारी मुलं मी बघितलीत. त्यांचे आकडे नसले तर वर बसलेल्यांना काही पडलेलं नसतं. आकडे नसले की पोहण्याचे तलाव बंद होतात, मैदानं जातात.

कॉलिन : आकडे होते तरी गेलंच की मैदान. तिथे घरं झाली. त्या घरांची दारं मी बसवली, तेही सांगून टाकतो. मोजायला माझी ना नाही, सिस्टर. पण फळी आखूड भरली तर मी फळीला पत्र टाकून मोकळा होत नाही. आधी माझी टेप तपासतो.

मॉरीन : मी घरी यायला हवं होतं. एकवीस घरं आणि मी एकटी, पण यायला हवं होतं.

स्टॅन : ही काढू का भिंतीवरून?

कॉलिन : राहू दे. उद्या सकाळी मी हॅटीला आणतो, एल्सी आणि तिची आईही येतील. सिस्टर, तुम्ही इथे जमिनीवर बसून पोरींना शून्य दाखवा. आणि एल्सीला काय सांगायचं ते उद्यापर्यंत ठरवा. तोंडावर सांगता येईल असं काहीतरी.

मॉरीन : ठरवते. पण तुम्ही आज घरी जाऊन हॅटीला सांगा ना, उंची चुकली होती म्हणून. तुमचं ती ऐकेल.

कॉलिन : माझं ऐकत नाही. काल तिला चौकटीपाशी नेलं, म्हटलं, बघ, तुझी खूण इथे आहे. खूण नव्हती. तिने ती रबराने खोडून, तुमच्या आकड्यावर नवी काढलीय. माझ्याच पेन्सिलीने.