उखाभाऊंनी बसवलेल्या गोळ्या

सन्माननीय अध्यक्ष गणपतराव, प्रमुख पाहुण्या सुवर्णाताई, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते उखा धुडकू बडगुजर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मंगलाबाई, आमच्या रायफल क्लबचे सगळे नेमबाज आणि लिंबायत-उधन्याहून आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी गजेंद्र, क्लबचा सहसचिव. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड मिलमध्ये सुपरवायझर आहे. भाषण हा काही माझा प्रांत नाही. तरी काल एक लिहून काढलं होतं. आज सकाळी वाचलं तर मलाच पटेना. त्यात वाक्य होतं, 'उखाभाऊंचा अंदाज कधी चुकला नाही.' खरंच नाही चुकला? मला माहीत नाही. तीन वर्षं मी याच गोंधळात आहे. तेव्हा कागद खिशातच राहू दे. घडलं ते सांगतो.

पाहुण्यांना वाटत असेल, काडतुसं तर विकत मिळतात. मिळतात. पण तीनशे मीटरच्या स्पर्धेसाठी आमचा क्लब रीतसर परवान्याने स्वतःची काडतुसं भरतो, आणि गेली एकोणीस वर्षं ती उखाभाऊंनी भरली. दिवसा पांडेसऱ्यात लूम फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे, संध्याकाळी आमच्या टेबलाशी. काडतूस म्हणजे पितळेची नळी, आत दारू, तोंडाशी गोळी. गोळी त्या नळीत किती खोल बसवली, त्यावर ती रायफलीच्या आतल्या आट्यांपासून, म्हणजे पीळदार खाचांपासून, किती लांब राहते हे ठरतं. आणि हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने बदललं तरी नेम बदलतो. का बदलतो? मी एकदा विचारलं. उखाभाऊ म्हणाले, "रायफलले इचार." आता रायफलीला कसं विचारायचं? तर थोड्या थोड्या फरकाने काडतुसं भरायची, झाडायची आणि कागदावरची छिद्रं बघायची.

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी धनश्री राज्य संघाच्या निवड चाचणीला बसणार होती. ती तिकडे मागच्या रांगेत बसली आहे, आणि मी हे सांगतोय म्हणून चिडली आहे. चिडू दे. उखाभाऊंनी तिच्यासाठी काडतुसांचे पाच गट भरले. एक नंबरची गोळी आट्यांच्या सगळ्यात जवळ, पाच नंबरची सगळ्यात खोल. धनश्रीने प्रत्येकी पाच झाडल्या. एक नंबर भरकटला. तीन आणि चार सारखेच, वाटीच्या तोंडाएवढ्या घेरात. पाच त्याहून थोडा पसरट. आणि दोन नंबर? पाचही छिद्रं एका बिस्किटाखाली झाकली असती!

मी म्हणालो, "ठरलं. दोन नंबर भरा."

उखाभाऊ कागद उजेडाला धरून बघत राहिले. म्हणाले, "गजूभाऊ, दोन नंबर चांगला शे. पन त्याना शेजारी कोन शे ते देख ना."

शेजारी एक नंबर होता, भरकटलेला. त्यांचं म्हणणं, गोळी बसवताना त्यांचा हात केसभर चुकला तर दोनचा एक होईल. तीन-चारच्या मधे बसवू, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही. शिवाय पाच गोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही. पुन्हा झाडून बघू.

चाचणी चार दिवसांवर होती. माझा जीव टांगणीला. आणि मी, आठ-दहा नेमबाजांसमोर, बोललो, "उखाभाऊ, तुम्ही लूमचे फिटर आहात, फिटरच राहा. माझ्या पोरीच्या निवडीवर प्रयोग नकोत."

त्यांनी माप घ्यायचा व्हर्नियर पुसला, पेटीत ठेवला. मग म्हणाले, "बरं, साहेब."

त्यांनी दोन नंबरच भरला. प्रत्येक काडतूस मापलं, दोन-तीन पुन्हा उघडून बसवली. मी दारातून बघत होतो.

चाचणीत साठांपैकी धनश्रीचे पहिले पन्नास नेम सुरेख गेले. एक्कावन्नावा सात गुणांवर गेला. एका गुणाने तिची निवड हुकली.

आता सांगा, का गेला? प्रशिक्षक म्हणाले, वारा. धनश्री म्हणाली, "पप्पा, पवन-बवन काही नव्हता, ट्रिगर मीच झटकला." मला वाटलं, गोळी. परत येऊन मी उखाभाऊंकडे गेलो. खरं सांगतो, त्यांनी एकदा 'मी म्हणालो नव्हतो?' म्हणावं, अशी माझी इच्छा होती. म्हणजे हिशेब तरी मिटला असता. ते म्हणाले, "एक गोळीवरतीन काय समजस, साहेब? पोरगी चांगली खेळनी."

पुढच्या वर्षी मी मुकाट्याने सांगितलं, तुमच्या मताने भरा. त्यांनी तीन-चारच्या मधे गोळी बसवली. धनश्रीला आदल्या वर्षीपेक्षा तीन गुण कमी मिळाले, आणि तिची निवड झाली! त्या दिवशी वाऱ्याने सगळ्यांचेच गुण खाल्ले होते. मग कोण बरोबर? मी? ते? वारा? लोक मला पेढे मागत होते आणि मी गुणांचे दोन कागद शेजारी ठेवून डोकं खाजवत होतो. मंगलाबाईंनी मला तसं पाहिलं आहे. त्या हसताहेत बघा.

उखाभाऊंचा हात आता थोडा कापतो, म्हणून ते टेबल सोडताहेत. चलथाणला लेकीकडे राहायला जाणार. मागच्या आठवड्यात धनश्रीने त्यांना विचारलं, "भाऊबाबा, रायफलीच्या नव्या नळीसाठी गोळी किती खोल बसवू?" एकोणीस वर्षं काडतुसं भरलेला माणूस म्हणाला, "माले माहीत नही बेटा. पाच गट भर, मंग देखू." मी ऐकत होतो. इतक्या सहज 'माहीत नाही' म्हणता येतं, हे मला पन्नाशीत समजलं.

तेव्हा मंडळी, गोळीची खोली कोणाची बरोबर होती हे मला कधीच कळणार नाही. पण एवढ्या गोंधळात एक गोष्ट मला नीट कळते. त्यांचा सल्ला चुकीचा निघाला असता तरी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. उखाभाऊ, मी चुकनू.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, कार्यकर्त्यांनी खुर्च्यांपासून चहापर्यंत राबून हा समारंभ उभा केला, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात मागेपुढे झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर ते आपण पोटात घालावं. त्या संध्याकाळच्या माझ्या बोलण्याचं काय करायचं, ते मात्र उखाभाऊंनी ठरवावं. हार गळ्यात आहे म्हणून आत्ताच 'जाऊ द्या' म्हणायची त्यांच्यावर सक्ती नाही. नमस्कार.