आभाळातल्या दगडाची वाटणी

देवानंद : फोडला? आभाळातून पडलेला अख्खा दगड तुम्ही दोघांनी हातानं फोडला?

रखमाजी : मंग काय करणार, सर? बराबर बांधावर पडला. हितं, ह्या बाभळीच्या बुडाला. अलीकडं माझं रान, पलीकडं त्याचं. बांधावर जे असंल ते निम्मं-निम्मं, ही रीतच हाय. बाभळीच्या शेंगासुद्धा आमी निम्म्या करतो.

बद्रीनाथ : सर, त्याहीला सांगा, शेंगा कवाच निम्म्या झाल्या न्हाईत. त्यांच्या शेळ्या मागच्या पायावर उभ्या राहून समद्या खाऊन जातेत.

रखमाजी : सर, त्याला सांगा, शेळीला सातबारा वाचता येत न्हाई.

देवानंद : अहो, एकमेकांपासून दोन हातांवर उभे आहात. मला कशाला सांगायला लावता? सरळ बोला की.

बद्रीनाथ : आमचं बोलणं न्हाई, सर. सख्खे भाऊ हाव, पण आई गेल्यापासून बंद हाय.

रखमाजी : त्याला म्हणा, घरातलं रानात आणू नको. सर औरंगाबादहून आलेत, भोकरदनपासून धुळा खात आलेत. दगडाचं बोल म्हणा.

देवानंद : बरं, दगडाचंच बोलतो. सकाळी रखमाजींच्या घरी निम्मा बघितला, तेव्हा वाटलं पडतानाच दुभंगला असेल. आणि तुम्ही म्हणता फोडला! कशानं?

रखमाजी : छिन्नी आन् घण. म्या घण मारला.

बद्रीनाथ : आन् छिन्नी म्या धरली. तेबी सांगा म्हणा.

देवानंद : बोलणं बंद असताना? घण चुकला असता तर मनगट गेलं असतं तुमचं!

बद्रीनाथ : त्याहीचा घण चुकत न्हाई, सर. आमची विहीर त्यांनीच फोडली पाषाणातून.

रखमाजी : ...दगडाचं बोला.

देवानंद : बोलतो, बोलतो. बद्रीनाथ, तुमचा निम्मा कुठंय? आणलाय ना? पोत्यातून काढा. हळू. हळू हो, बाळंतिणीच्या अंगावरचं पोर उचलतात तसा काढा... अरे देवा! हा ओला कसा?

बद्रीनाथ : रांजणाखाली व्हता. रांजण डुगडुगत होता, त्याला टेकू दिल्ता.

देवानंद : पाण्याच्या रांजणाखाली! बघा हे तांबडे डाग. गंज आहे हा. कोटी कोटी वर्षं आभाळात फिरला तेव्हा ह्याला काही झालं नाही, आणि तुमच्या रांजणाखाली गंजला.

रखमाजी : आमचा धान्याच्या कणगीच्या झाकणावर व्हता. हा बघा, संगं आणलाय. कोरडा ठणठणीत. सांगा त्याला.

बद्रीनाथ : ऐकलं म्हणा. कान हायेत.

देवानंद : भांडू नका, आधी चुंबक लावू द्या. हा दोऱ्याला बांधलेला चुंबक. बघा आता, दगडाजवळ नेतो... टक्! ओढला! बघितलंत? दोऱ्यासकट ओढला!

बद्रीनाथ : आँ! परत करा, सर. परत.

देवानंद : टक्! आता तुमच्या बांधावरच्या ह्या काळ्या दगडाला लावतो. काही नाही, लोंबतोय नुसता. आपल्या सगळ्या मुलखाचा दगड हा असा. आणि तुमचा? वरचा हा काळा पापुद्रा बघा, अंड्याच्या टरफलाइतका पातळ. येताना पेटला, वरून वितळला, आत मात्र गारच राहिला. आणि हे आतलं करडं अंग. ह्यात चमकतंय ना बारीक बारीक, ते लोखंड. ह्या जमिनीतलं नव्हे, रखमाजी. वरचं!

रखमाजी : तुमी लई खुश झालाव, सर.

देवानंद : खुश? नाचायचाच बाकी आहे मी. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून पगारातले पैसे ह्या नादात घालतोय. जालन्याच्या एका भंगारवाल्यानं भट्टीतली लोखंडाची मळी मला आभाळाचा दगड म्हणून विकली, मी ती रेशमी रुमालात गुंडाळून घरी नेली. आमच्या बेबीनंदा म्हणतात, दुसऱ्यांचे नवरे बायकोला साडी आणतात, आमचे दगड आणतात, आणि तेही खोटे! बाहेरून विकत घेतलेले दोन-तीन बारके तुकडे आहेत खरे. पण पडताना माणसांनी पाहिलेला, आपल्या मराठवाड्यातला, असा एकही नाही. हा मिळाला तर जन्माचं सार्थक झालं.

बद्रीनाथ : मंग घ्या की. माझा निम्मा देतो. पण आधी त्याहीनी द्यावा.

रखमाजी : माझी ना न्हाई. पण आधी त्याचा येऊ द्या. मागून त्यानं बिलकुल न्हाई म्हणलं तर लोक म्हणतील, थोरल्यानं विकून खाल्लं.

देवानंद : झालं! अहो, मला निम्मा नको आहे. दोन्ही हवेत, एकाच वेळी. निम्म्याला काय अर्थ? आणि ऐका, जिथं पडला त्या गावाचं नाव दगडाला पडतं. जगातले जाणकार ह्याला 'बाभूळखेडा' म्हणून ओळखतील.

बद्रीनाथ : आमच्या गावाला अजून एसटी येत न्हाई, सर! आन् नाव जगात?

देवानंद : जगात! पण दगडाबरोबर साक्ष लागते. ज्यांनी पडताना पाहिला, ऐकला, त्यांच्या तोंडची. म्हणून म्हटलं दोघांनीही बांधावर या. पैशाचं मागून बघू. आधी सांगा, कधी पडला?

रखमाजी : दुष्काळ सरला, त्यानंतरची पहिली कापूस वेचणी. दुपार टळली व्हती. आभाळ निवळशंख.

देवानंद : तुम्ही कुठं होतात?

रखमाजी : तिकडं माझ्या विहिरीपाशी. बैलं पाण्यावर आणल्ती.

बद्रीनाथ : आन् मी हितंच. ह्या बाभळीखाली वाकून कापसाचं गाठोडं बांधून राह्यल्तो. विहिरीकडं पाठ. उजेड म्या बघितला न्हाई, सर, नुसतं ऐकलं.

देवानंद : उत्तम! एक डोळ्यांचा साक्षीदार, एक कानांचा. रखमाजी, उजेड कसा होता?

रखमाजी : अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगानं आला. भर उन्हात डोळे दिपले. मागं पांढऱ्या धुराची रेघ. आधी वाटलं इमान पेटलं. मंग ते मोठं मोठं व्हत आमच्या रानाकडंच यायला लागलं. बैलांनी दावी तोडली.

देवानंद : वा! आवाज उजेडाबरोबर आला की मागून?

रखमाजी : मागून. विहिरीत सुरुंग उडावा तसा. जमीन हादरली. मंग सूंऽऽ करत आलं आन् धप्पकन् हितं पडलं. हातभर खड्डा. दोन आवाज, बास.

बद्रीनाथ : तीन.

रखमाजी : दोन. सांगा त्याला, सुरुंगासारखा एक, पडल्याचा एक.

बद्रीनाथ : तीन झाले, सर. ह्या दोघांच्या मधी एक झाला.

देवानंद : काय म्हणता? तिसरा? नक्की?

बद्रीनाथ : आईशप्पथ.

देवानंद : अहो, म्हणजे दुसरा दगड असेल! पुष्कळदा आभाळातच फुटतात, एक इथं पडतो, एक तिथं. अजून एक पडला असेल तुमच्या शिवारात! कोणत्या बाजूनं आला आवाज? जल्दी सांगा!

बद्रीनाथ : त्याहीच्या विहिरीकडून.

देवानंद : विहिरीकडून! रखमाजी, विहिरीत काही पडलं का? गाळ कधी काढलात? उतरू आपण. माझी तयारी आहे, पोहता येतं मला.

रखमाजी : कायबी पडलं न्हाई. दोनच आवाज. तो काहीबी बोलतो.

देवानंद : बोलू द्या त्यांना. बद्रीनाथ, नीट आठवा. शिट्टीसारखा? की ढग गडगडल्यासारखा?

बद्रीनाथ : न्हाई.

देवानंद : मग कसा?

बद्रीनाथ : माणसाचा.

देवानंद : माणसाचा?

बद्रीनाथ : 'बद्रीऽऽ, पळ' असा. तेवढ्यानं मी उठून पळालो. दहा पावलंबी गेलो नसंन, गाठोड्यावर दगड पडला. माझं डोस्कं व्हतं तिथं.

(देवानंद हातातला चुंबक खिशात ठेवतो.)

रखमाजी : ...ओरडलो असंन. भेव वाटलं म्हणून माणूस ओरडतो.

बद्रीनाथ : माझं नाव घेऊन?

रखमाजी : मंग कुणाचं घेऊ? पाठमोरा व्हतास तू. वर आग येऊन राह्यली आन् तू आपला गाठोड्याची गाठ मारत बसलेला. लहानपणापासून असाच हायेस, मागं बघत न्हाईस.

बद्रीनाथ : मंग आई गेली त्या दिवशी का न्हाई मारली हाक?

रखमाजी : बद्री, सर हायेत.

बद्रीनाथ : असू दे. महिना महिना वाटून घेतली व्हती तिला. तो महिना तुझा व्हता. मी ह्याच रानात, हितंच औतानं पाळी घालून राह्यल्तो. तू दारात उभा राहून नुसतं 'बद्री' म्हणला असता तर मी पळत आलो असतो. सांगावा शेजारच्या संपतकडून आला, दादा. परक्याच्या तोंडून. मी पोचलो तवा तिचे डोळे मिटले व्हते. म्या ठरवलं, ह्यानं मला भावात धरलंच न्हाई.

रखमाजी : आलो व्हतो म्या.

बद्रीनाथ : कुठं?

रखमाजी : बांधावर. हितवर आलो. तुला बघितलं. तू औतामागं, काहीतरी गुणगुणत व्हतास. तोंड उघडलं म्या. पण आई चालली, हे कसं म्हणू रे तुला? आवाजच फुटना. धाकटा तू, तिचा लाडका. तसाच मागं फिरलो आन् तुझ्या वहिनीला, तुळजाला म्हणलं, संपतला धाड.

बद्रीनाथ : आन् हे एवढे दिवस सांगितलं न्हाई?

रखमाजी : तू तोंड फिरवलंस. मंग कुणाला सांगू? त्या दिवशी ते वरून येताना बघितलं आन् वाटलं, आता हाबी चालला. तवा फुटला आवाज. एवढा मोठा फुटला की मलाच खरं वाटंना.

बद्रीनाथ : लई वाट बघितली म्या, दादा. वाटलं, एकदा हाक मारली, परत मारंल.

रखमाजी : मला वाटलं, तुला ऐकूच गेली न्हाई.

देवानंद : मी जरा बाभळीपलीकडं जाऊन उभा राहतो.

रखमाजी : थांबा हो, सर. तुमी कुठं चाललाव? बद्री, उचल तुझा निम्मा. माझ्या निम्म्याला लाव. सरांना बघू दे, कसा व्हता ते.

बद्रीनाथ : थोडा फिरव. अजून. हां, तिथला कोपरा... बसला!

देवानंद : अहाहा! बघा, बघा! काळा पापुद्रा एका सलग रेषेत आला. फोडलाय असं कोण म्हणेल? काय देखणं रूप आहे! पण सांगा आता मला, देणार का?

रखमाजी : घेऊन जावा. रांजणाला अन् कणगीला दगडांचा तोटा न्हाई आमच्याकडं. दोन्ही निम्मे एका फडक्यात बांधा मात्र. आन् पैशाचं बद्रीसंगं बोला.

बद्रीनाथ : माझ्यासंगं कशाला? दादा म्हणंल तो भाव.

देवानंद : बरं होतं हो तुमचं बोलणं बंद होतं ते! आता दोघं मिळून मला नागवणार.

बद्रीनाथ : नागवतो कशाला, सर? जेवूनच जावा. वहिनी पिठलं-भाकरी करंल. मलाबी लई दिवसांनी मिळंल.

देवानंद : जेवतो. आनंदानं जेवतो. एवढी साक्ष मात्र पुरी करू द्या. दगडाबरोबर जायची आहे, दूरदूरचे लोक वाचतील. आवाज किती झाले म्हणून लिहू? एक म्हणतो दोन, एक म्हणतो तीन.

बद्रीनाथ : दोनच लिवा, सर. दादा म्हणतो ते बराबर हाय. तिसरा घरचा हाय.