लोह काढणारे थेंब

दिनांक १ मार्च २०१४, सकाळी ११.१०, पोलीस ठाणे, बुऱ्हाणपूर.

नाव: मंगला नंदकुमार भंगाळे, वय ४३ वर्षे, धंदा: परिचारिका (सध्या कामावरून काढलेली), राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, डॉ. अरविंद वाणी यांच्या खाजगी प्रसूती व बाल रुग्णालयात मी अकरा वर्षे नवजात विभागात काम केले. मी निष्काळजीपणे डोस चुकवला, त्यामुळे बाळाची तब्येत बिघडली, आणि मी कागद चोरले, ही त्यांची तक्रार मला वाचून दाखवली. त्यावर माझे म्हणणे असे.

दि. ३ फेब्रुवारी रोजी बहादरपूरच्या मालूबाई कौतिक महाजन यांचे सातव्या महिन्यातच सिझेरियन झाले. मुलगी झाली, वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. सकाळी ११.२५ वाजता बाळ मी माझ्या हातात घेतले. आई बेशुद्ध होती. ती एक वाजेनंतर बोलू लागली.

दुसऱ्या दिवसापासून बाळाला नळीतून थेंब सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितले की, हे अंगातले लोह काढणारे औषध आहे, वारंवार रक्त चढवून अंगात लोह साठलेल्या थॅलेसेमियाच्या मोठ्या मुलांना देतात. जंतू लोहावर वाढतात. लोह कमी केले तर कमी दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग, फुफ्फुसाचे व डोळ्यांचे त्रास कमी होतील का, ते बघायचे आहे. मला ते पटले. सकाळचे नऊ डोस मीच दिले. हेही लिहून घ्यावे.

या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून तपासणी होती. सुरुवातीला जंतूंशी लढणाऱ्या पेशी २८०० होत्या. दि. १३ रोजी सकाळी ७.४० वाजता रिपोर्ट आला, त्यात ४३० होत्या. बाळ सुस्त होते, अंग गार लागत होते. मी लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "दोन दिवस राहिलेत, कोर्स पुरा होऊ दे. तू नर्स आहेस, संशोधन तुला कळतं का?"

मी म्हणाले, "बाळ कळतं, सर."

सकाळी आठ वाजताचा डोस मी दिला नाही. रजिस्टरमध्ये कारण व वेळ लिहून सही केली. नंतर फाईल उघडली. संमतीपत्रावर आईचा म्हणून अंगठा होता, दि. ३ फेब्रुवारी, वेळ सकाळी ११.४०. मी ते मालूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "मी सातवी शिकेल हाये, ताई. मी सही करते. अंगठा काहून देऊ?" त्यांचे पती कौतिक म्हणाले, "आम्हाले तर ताकदीचं औषध सांगेल होतं."

अंगठा कोणाचा, मला माहीत नाही. तो तपास तुमचा.

फाईलची झेरॉक्स मी काढली व आईवडिलांच्या हातात दिली. मूळ फाईल जागेवर ठेवली. त्यांच्याच बाळाचे कागद त्यांना देणे ही चोरी असेल तर मी केली. त्याच दुपारी ते बाळाला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. मी सोबत गेले व तिथल्या डॉक्टरांना औषधाचे नाव सांगितले. रक्तात जंतू निघाले. थेंब बंद होऊन सात दिवसांनी पेशी २१०० वर आल्या. काल बाळाचे वजन दीड किलो भरले. आता ते आईचे दूध ओढते.

मला विचारले की, डॉक्टरांची माफी मागून मिटवता का? नाही. संशोधन वाईट आहे असे मी म्हणत नाही. उद्या या औषधाने बाळे वाचली तर मला आनंदच आहे. पण आईला विचारून, आणि पेशी पडल्या की थांबून. त्या विभागात अजून दोन बाळांना हे थेंब चालू होते. त्यांच्या फाईली आजच ताब्यात घ्या, अशी माझी मागणी आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "डोस चुकून राहिला" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. तिथे "जाणूनबुजून बंद केला" असे लिहिल्यावरच हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे झाला, म्हणून खाली सही केली आहे.

मंगला नंदकुमार भंगाळे