पाच चाकांचं इंजिन आणि देवळातलं वळण

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. पुढं अडचणीचं वळण आलं, तर माणसानं किती लहान व्हायचं? सांगा की! ते खांबाला टेकलेले काका मान हलवतायत — काका, हे उत्तर आहे की डुलकी? असू द्या. उत्तर फिरकेभाऊ देतील.

कोण फिरकेभाऊ? ऐका! भुसावळकडच्या एका रेल्वे कॉलनीतली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, तिथं मला अजून कीर्तनाला जायचंय! तिथं मारुतीचं देऊळ, आणि त्या देवळात एक जगावेगळी रीत. हनुमान जयंतीला सूर्य उगवला, जन्म झाला, की सुंठवडा पुजारी वाटत नाही — रेल्वेनं येतो! खरंच! सभामंडपात चार बोटं रुंदीचे लोखंडी रूळ. दगडी खांबांना वळसा घालून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. त्यावर एक चिमुकलं इंजिन, मागं एक डबा, डब्यात चांदीची वाटी. कॉलनीच आगगाडीवाल्यांची, त्यांचा देव दुसरं काय मागवणार?

वामन फिरके रेल्वे इंजिनांच्या शेडमधले फिटर. चौतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली आणि रिटायर झाले. रिटायर झाल्यावर लोक काय करतात? कट्ट्यावर बसतात, सुनेला सल्ले देतात! यांनी परसात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, बसवलं. सहा वर्षं खपून एक इंजिन घडवलं. दोन हात लांब! एका बाजूला पाच मोठी चाकं, पाचही एका दांड्यानं बांधलेली. पोटात खरी वाफ, डोक्यावर खरी शिट्टी. ज्या मालगाडीच्या इंजिनावर उमेदीचे दिवस गेले, हुबेहूब ते! सिंधूताई — त्यांची बायको — म्हणायची, "माझ्याकडं इतकं कधी बघितलं नाही हो!" आणि भाऊंची एकच इच्छा. यंदा देवाचा सुंठवडा माझं इंजिन नेणार!

आठ दिवस आधी चाचणी ठेवली. सगळी कॉलनी जमली. शिट्टी झाली — कूऽऽऽ! सरळ रुळावर काय डौल! आणि पहिला खांब आला. वळण कसलं हो? कोपराएवढं! पुढचं चाक वळलं, मधली चाकं सरळच जायला बघतायत, एक चाक रुळावर चढलं आणि — धडाम! वाटी उडाली. चाचणीचा सुंठवडा देवाआधी कुणाच्या पायावर? देवस्थानच्या अध्यक्षांच्या! तात्यासाहेब चिरमाडे. पांढरं धोतर, आता त्याला सुंठेचा वास.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी पुन्हा चालवलं. पुन्हा धडाम, त्याच खांबापाशी!

तात्यासाहेब म्हणाले, "फिरके, पाचाची तीन चाकं करा. लांबी कापा. नाही तर इंजिन काचेच्या कपाटात ठेवू. लोक बघतील, तुमचं नाव लिहू."

बघा हं, किती गोड बोलतात लोक! आधी कापतात, मग नाव लिहितात!

भाऊ उठले. "तात्यासाहेब, देवळी लहान पडली म्हणून तुम्ही मारुतीची शेपटी कापली होती का?"



"कपाटात ठेवलं ते इंजिन नव्हे, ती तसबीर. मी जिवंत आहे, माझं इंजिनही जिवंत आहे. कापणार नाही!"

वा! तोंडावर बोलले. पण मंडळी, तोंडावर बोलून चाक वळतं का? घरी आले आणि इंजिनासमोर बसून राहिले.  मनातून त्यांना कळत होतं, हे पडणार. का पडतंय ते कळत नव्हतं.

तेव्हा फाटकात एक माणूस उभा राहिला. सुपडू कोळी. जुना गँगमन. म्हणजे रूळ सांभाळणारा, उन्हातान्हात लाइनवर घण मारणारा. आता गंमत बघा! शेडवाले आणि रूळवाले एकाच कॉलनीत राहिले, पण शेडवाल्यांनी रूळवाल्याला कधी चहाला बोलावलं नाही. आमचे भाऊही त्यातलेच. एवढा मोठा कारागीर, पण नाक वर!

सुपडू म्हणाला, "भाऊ, तुमचं इंजिन लय भारी हाये. पण ते उभ्याचं इंजिन हाये, चालत्याचं नाही."

"म्हणजे रे?"

"तुमच्याकडं शेडमधी इंजिन उभं राहायचं. मी वळणावर बसेल राहू. माह्या नाकासमोरून जायचं ते. मधली चाकं वळणावर इकडं-तिकडं सरकत. जराशीच. तुमच्यात सरकत्येत का?"

भाऊंनी चाक धरून हलवलं. काडीभर हललं नाही. आणि कपाळावर हात मारला!

काय झालं होतं? चौतीस वर्षं भाऊंचं काम एकच — ढिलं दिसलं की ते घट्ट करणं! खऱ्या इंजिनाच्या नकाशात चाकांना ढील दिलेली असते, हे त्यांना पाठ होतं. पण स्वतःचं इंजिन करताना म्हणाले, माझ्या इंजिनात ढील? छे! प्रेमापोटी सगळं आवळून टाकलं. अहो, आपण लेकरांचं तरी दुसरं काय करतो?

"सुपडू, चूक माझी," भाऊ म्हणाले. "आत ये. सिंधू, चहा टाक!"

चाळीस वर्षांनी पहिला चहा, मंडळी!

"तुमची अर्धी चूक," सुपडू म्हणाला. "अर्धी त्या रुळाची. वळणावर आम्ही दोन रुळांतलं अंतर थोडं जास्त ठेवतो. देवळात रूळ टाकणाऱ्यानं नाही ठेवलं."

भाऊंनी प्रत्येक चाकाला तांदळाच्या दाण्याएवढी ढील दिली. पण रुळाचं काय? तात्यासाहेब आडवे! "हे रूळ माझ्या वडिलांनी टाकलेत. एक खिळा हलवायचा नाही!"

मग सुपडूनं काय केलं? चोरून? मुळीच नाही! भर दुपारी, तात्यासाहेब समोर खुर्चीत बसलेले असताना, मारुतीला नमस्कार केला, मांडी घातली आणि पहिला खिळा उपटला. ठक्! तात्यासाहेब 'अरे, थांब!' म्हणेपर्यंत दुसरा. ठक्! प्रत्येक वळणावर रुळांतलं अंतर दाणाभर वाढवलं. बाहेरच्या रुळाखाली पत्र्याची पट्टी सारून तो किंचित उचलला. मग म्हणाला, "झालं, तात्यासाहेब. आता बोला."

तात्यासाहेब उठले. "उद्या जयंती. पडलं तर इंजिन कपाटात, आणि तुम्ही दोघं या पायरीवर पुन्हा दिसायचं नाही!"

"कबूल!" दोघं एकदम म्हणाले.

सूर्य उगवला. जन्म झाला. गुलाल उडाला. कूऽऽऽ! निघालं इंजिन! सरळ रूळ सरला, खांब आला. इंजिनाचं नाक वळणाबाहेर लोंबतंय, पोट खांबापासून नखभर अंतरावर! सिंधूताईंनी डोळे मिटले. पुढचं चाक वळलं. दुसरं... दुसरं सरकलं! तिसरं सरकलं! चौथं, पाचवं! डबा आला, वाटी हलली, पण सांडली नाही! दुसरा खांब, तिसरा, चौथा — आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याला जाऊन इंजिन उभं राहिलं, दोन हात लांब, पुरी पाच चाकं! भाऊ ढसाढसा रडले. सुपडूच्या गळ्यात पडून रडले!

तात्यासाहेब काय म्हणाले? माणूस काही एका सकाळीत बदलत नाही. म्हणाले, "यंदा गेलं. पुढच्या वर्षी रूळ होते तसे करू!"

भाऊ डोळे पुसत म्हणाले, "करा. मी पुढच्या वर्षी सहा चाकांचं आणतो!"

हसलात? आता तुमच्याकडं वळतो!

ढील देणं वेगळं आणि कापून घेणं वेगळं. भाऊंनी ढील दिली, हट्ट सोडला, गँगमनपुढं चूक कबूल केली. एक चाक मात्र दिलं नाही! आणि तुम्ही? घरातल्या शिकलेल्या सुनेला म्हणता, "आमच्याकडं हे बसत नाही, जरा कमी बोलत जा." गाणाऱ्या पोरीला म्हणता, "लग्नापुरतं बंद कर." म्हाताऱ्या बापाला म्हणता, "आता कपाटात बसा." अहो, माणूस मोठं आहे आणि तुमचं वळण अरुंद आहे, हा दोष माणसाचा?

कुणाला कापायला निघाला होतात? एक नाव आलं मनात. आलं! मला इथून तोंडं दिसतायत. मग आज घरी जा आणि त्या माणसासाठी एक खिळा उपटा. चोरून नको, सगळ्यांदेखत. कुणी विचारलं, "कुणी सांगितलं हे?" तर बेधडक माझं नाव सांगा. भांडायला कुणाला यायचं असेल, त्यानं यावं. मी उद्याही इथंच उभा आहे!