वर्षाबाहेरचे पाच दिवस

...आणि वर मलाच विचारतात, सासुरवाडीला करमत कसं नाही! करमेल कसं, तुम्हीच सांगा! गळ्याला हे वळ बघा, गाठी मारलेली तागाची पट्टी सासूबाईंनी स्वतः बांधली. का? तर तीस-तीस दिवसांचे बारा महिने संपल्यावर उरणारे ते पाच दिवस! रोगराईची भुतं मोकाट, होड्या बंद, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. "हे दिवस वर्षात धरतच नाहीत हो, जावईबापू!"

तुम्हाला सांगतो, शहाणपण नडलं! बायकोनं, मेरुतनं, घोशा लावलेला, "माझ्या आईकडे एक आख्खा आठवडा राहा." आपला आठवडा दहा दिवसांचा! मी म्हटलं, थांब... शेवटच्या महिन्याचे शेवटचे पाच, वर हे पाच, झाले दहा! नववर्षाच्या सकाळी नदीपलीकडे आपल्या घरी, आणि पानात बदक! वर्षभर माझ्या हातानं चारलंय हो, चालताना पोट जमिनीला लागतं त्याचं! राखणीला कोण? माझा भाऊ पाशेदू. झोप लागेल मला?

बसलो अडकून! त्या पाचांतल्या पहिल्या दिवशी ओसायरिस देवाचा जन्मदिवस, जेवायला मसूर. दुसऱ्या दिवशी होरसचा, पुन्हा मसूर! तिसरा त्या उत्पाती सेथचा, "आज बोटसुद्धा हलवू नका!" अहो, पाठ खाजवली तर सासूबाई किंचाळल्या! आणि दिवसाचे तास बाराच ना, हिवाळ्यात बारा, उन्हाळ्यातही बारा... मग एवढा लांबलचक दिवस बारांत बसवायचा, तर एकेक तास केवढा होणार? सासरे म्हणाले, "अंगणातली सावली बघ, वेळ जाईल." बघितली. तीही तिथंच अडकलेली!

आज उजाडलं नववर्ष. पट्टी फेकली, बोचकं उचललं.

"कुठे निघालात?"

"घरी. दहा दिवस झाले."

"दहा कुठले? पाचच! ते दिवस वर्षात धरत नाहीत, मग आठवड्यात कसे धरायचे?"

"मेरुत, सांग गं आईला!"

"बरोबर बोलतेय की ती! राहा अजून पाच."

तरी निघालोच होतो हो मी! दारात नावाडी उभा. पहिल्याच होडीनं पाशेदूचा निरोप घेऊन आलेला. "दादाला म्हणावं, घाई करू नकोस. बदक कालच खाल्लं. आणि चोरी म्हणू नकोस, ते दिवस वर्षात धरतच नाहीत!"

...ठेवलं बोचकं खाली. म्हटलं, सासूबाई, वाढा मसूर.